दरीकडचा खांदा

टेपदादाच्या गळ्यात मोजपट्टी नाही असं दृश्य त्याच्या बायकोखेरीज कुणी पाहिलेलं नाही, आणि तीसुद्धा ते शपथेवर सांगायला तयार नाही. माणूस ज्यावर बसतो, टेकतो किंवा आजारी पडून निजतो, ते भरून आणि मढवून देणं हा त्याचा धंदा. सोफे, गाड्यांच्या सीटा, दातांच्या डॉक्टरकडची ती भयाण खुर्ची. कापड कापायच्या आधी तो दोनदा मोजतो, कापल्यावर पुन्हा मोजतो आणि मग थोडा वेळ नुसताच उभा राहतो, जणू कापड आता काय म्हणतंय ते ऐकतोय. त्याच्या हातून वाया गेलेलं कापड कारखान्याच्या मालकाला आठवत नाही. अशा माणसाने मापात चूक करावी, आणि तीही स्वतःच्याच अंगाच्या मापात, याला काय म्हणावं!

टेपदादाचे वडील डोंगरातले. दूरच्या, खऱ्या डोंगरातले. तिथे हिवाळ्यात वाट बर्फाखाली जाते आणि वसंतात पुन्हा वर येते. ती वर आली की थंडीपुरती खालच्या देवळात आणलेली देवी वरच्या देवळात परत जायला निघते. पालखीला दोन दांड्या, चार टोकं, आणि एकेक टोक एकेका घराचं, पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. टेपदादाच्या घराचं टोक पुढचं, डावीकडचं. म्हणजे दरीच्या बाजूचं. वडील पोटासाठी खाली शहरात आले तरी वसंतात रजा काढून जायचे, आपला खांदा लावायचे आणि सोललेल्या नाकाने परत यायचे. ते गेल्यापासून त्या टोकाला कुणीतरी उसना माणूस उभा राहतो. वर काका आहेत, वडिलांचे धाकटे भाऊ, पण त्यांना मुलीच आणि त्यांचे गुडघे कधीच गेलेले. दोन वसंत असे रिकामे गेले. तिसऱ्यालाही घरचं माणूस आलं नाही तर ते टोक दुसऱ्या घराला द्यायचं, असा तिथला रिवाज.

"तिसरा आलाय," आई रोज सकाळी कपात बघून म्हणायची, जणू वसंत चहात बुडून बसलाय.

शेवटी टेपदादा एकदा "जाऊ" म्हणाला आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडाली.

एक तर या सणाला तारीख नव्हती. समोरच्या कड्यावरचा बर्फाचा पट्टा मधोमध तुटला की पुजारी दिवस सांगणार, आणि मग हातात जेमतेम आठवडा. एवढ्यात खालच्यांनी गाडी पकडायची, मोटार बदलायची, उरलेलं अंतर चालायचं. टेपदादा रजा मागायला गेला तेव्हा मालक म्हणाला, "कधीपासून?"

"ते अजून ठरायचंय."

"किती दिवस?"

"तेही."

"सण आहे का पाहुणा?" मालक म्हणाला. "पाहुणासुद्धा फोन करून येतो हल्ली."

दुसरं म्हणजे बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर बसायची. त्यामुळे घरात औषधं आणि शंका यांना तोटा नव्हता. आईचा रक्तदाब त्या उंचीवर कसा वागेल? वाटेत डॉक्टर आहे का? नसला तर निदान जनावरांचा तरी आहे का? तिने दाराजवळ एक बॅग भरून ठेवली होती. रोज संध्याकाळी ती बॅग उघडायची, एक वस्तू काढायची, दोन घालायची. "अहो, तुम्हाला काय वाटतं?" असं विचारायची आणि उत्तराची वाट न पाहता चेन लावायची.

पण टेपदादाची खरी धास्ती तारखेची नव्हती आणि रक्तदाबाचीही नव्हती. ती दरीची होती.

चार-पाच वर्षांचा असताना वडिलांनी त्याला एकदाच वर नेलं होतं. आईच्या कडेवरून त्याने पालखी येताना पाहिली. देवीचा चेहरा त्याला आठवत नाही. आठवते ती वडिलांची टाच. अनवाणी, धुळीने पांढरी, वाटेच्या अगदी कडेला टेकलेली. टाचेखालचा एक दगड सुटला. वडील थांबले नाहीत, डळमळले नाहीत, पुढचं पाऊल टाकून निघून गेले. दगड मात्र गेला तो गेलाच. त्याचा आवाज आला, पण फार उशिरा, गाणारी माणसं पुढच्या वळणाआड गेल्यावर. तो उशीर टेपदादाच्या मनात कायमचा राहायला आला. अजूनही कारखान्यात कुणाच्या हातून काही निसटलं की तो डोळे मिटून घेतो. खाडकन आवाज झाला की त्याला बरं वाटतं. म्हणजे जमीन जवळच आहे.

हे त्याने कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. पन्नाशीच्या माणसाने कुणाला काय सांगावं, की मला एका दगडाची भीती वाटते?

अशात काकांचा फोन आला, भर दुपारी, कारखान्यात. काकांच्या गावात फोनची रेंज फक्त पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर मिळते, त्यामुळे काकांचं प्रत्येक बोलणं पिठातून चाळून आल्यासारखं यायचं.

"तुझा खांदा जमिनीपासून किती भरतो?" काका ओरडले.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? चार खांदे जुळायला नकोत? बैठक बसलीय इथं. लगेच सांग."

कारखाना रस्त्याच्या पातळीखाली होता. खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे, आणि कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय हे तिथल्या माणसांना त्या चपलेच्या मालकाआधी कळायचं. आतल्या फरशीवर दिवसभर खिळे आणि तुटक्या पिना सांडलेल्या असायच्या. मशीनवर बसून खोळी शिवणाऱ्या ताई, ज्यांना सगळे शिवणताईच म्हणत, त्यांना टेपदादाने हाक मारली. त्या दाराच्या चौकटीपाशी खडू घेऊन आल्या.

"ताठ उभे राहा. मान वर. मुलगी बघायला आल्यासारखे लाजू नका."

त्यांनी खांद्याला टेकवून चौकटीवर रेघ ओढली, टेपदादाने वळून आपल्याच पट्टीने ती मोजली, आणि आकडा काकांना सांगितला.

"वा!" काका म्हणाले. "थेट भावाचं माप. मी बैठकीत सांगून टाकतो. दरीकडचं टोक आपलंच."

त्या संध्याकाळी आई जेवताना दोनदा हसली. तिला हसताना पाहून टेपदादाने भूक नसताना आणखी एक पोळी वाढून घेतली.

मग त्याने सराव करायचं ठरवलं. घाबरलेल्या माणसाला हाताला काहीतरी काम लागतं. त्याने पडद्याचा लांब दांडा काढला, काकांना सांगितलेल्या उंचीवर एक टोक पुस्तकांच्या कपाटात अडकवलं आणि दुसऱ्या टोकाखाली आपण उभा राहिला. दांडा खांद्यावर बसेना. त्याने समपातळी धरली की दांडा आणि खांदा यांच्यामधून उजेड दिसायचा. दोन बोटं सहज जातील एवढा.

त्याने खांदा मोजला. कमी भरला. पुन्हा मोजला. कमीच.

"पट्टी ताणली असेल," तो म्हणाला. कापडी पट्ट्या वापरून ताणतात, हे खरंच आहे. दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्यातली पोलादी पट्टी घेतली, चौकटीवरच्या रेघेपाशी उभा राहिला. बरोबर. तीच पट्टी खिशात घालून घरी आणली. घरी पुन्हा कमी.

"अहो, काय चाललंय?"

"कारखान्यात मी उंच आहे आणि घरात बुटका."

"घरात सगळेच नवरे बुटके असतात," बायको म्हणाली. "बाहेरचे बूट मात्र दारातच काढा, फरशी आत्ता पुसलीय."

तो दारात गेला, बूट काढायला वाकला, आणि तसाच वाकलेला राहिला. बूट पायात नव्हतेच. ते उंबऱ्याशी पडले होते, रोजच्यासारखे, जाडजूड रबरी तळाचे, तळात दोन-चार पिना घुसलेल्या. सकाळी इथेच पायात जायचे ते संध्याकाळी इथेच निघायचे. पंधरा-वीस वर्षांत ते बूट बूट राहिलेच नव्हते, त्याचे पायच झाले होते. पायांना कोण मोजताना काढून ठेवतं? पण वर, त्या वाटेवर, सगळे अनवाणी असणार होते.

आणि मग जे झालं त्याची त्याला पुढे फार दिवस लाज वाटली. त्याला हलकं वाटलं. छातीवरून कुणीतरी एक भरलेला सोफा उचलून बाजूला ठेवावा तसं. खांदा बसत नाही! आपला काही दोष नाही, हाडंच आखूड. आता फोन करायचा, चुकलो म्हणायचं, टोक दुसऱ्याला जाईल, आणि तो दगड, तो पडायचा राहिलेला दगड, कायमचा जागेवर राहील. एवढं मनात आलं आणि आतून आईच्या कपाची बशी वाजली. तो तसाच ओणवा, कानापर्यंत तापून, बुटांच्या नाड्या नीट करत राहिला.

फोन त्याने केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

त्याऐवजी तो कारखान्यात उरलेले तुकडे घेऊन खांद्यावर ठेवायची चपटी गादी करू लागला. शिवणताई मशीन थांबवून बघत राहिल्या.

"हे कुणाचं?"

"खांद्याचं."

"खांद्याला झोप लागत नाही वाटतं."

मग त्याने त्यांना सगळं सांगितलं. दगड सोडून सगळं. मशीनच्या जुन्या टेबलाचा लोखंडी पाय त्यांनी दोघांनी मिळून एका बांबूला बांधला, आणि टेपदादा एका टोकाखाली उभा राहिला. फोम भाराखाली दबून सपाट झाला. कापूस आधी फुगला, मग दबला. काथ्याने टोचलं आणि मग तोही दबला. शेवटी दाबलेल्या लोकरीचा नमदा घेतला, तीन थर एकावर एक, कडा टाके घालून आवळलेल्या. तो मात्र दबेना. भार घेऊनही दोन बोटांचा दोन बोटंच राहिला.

"झालं की," शिवणताई म्हणाल्या. "सदऱ्याच्या आत घाला. कुणाला दिसतंय?"

"पण चालतं का असं?"

"मग काकांना सांगून टाका."

"सांगितलं तर आमचं टोक जाईल. आई..."

"मग नका सांगू."

"नाही सांगितलं आणि वर कुणी गादी काढायला लावली तर? माझ्याकडची दांडी खाली जाईल. सगळा भार दुसऱ्यांच्या अंगावर. अशा वाटेवर!"

"मग सांगा बाई. सॉरी, सांगा दादा."

"पण ताई, सांगायचा विचार केला की मला बरं वाटतं."

"बरं वाटतं यात वाईट काय?"

हे मात्र त्याला समजावता येईना. खरं बोलायला जाणारा माणूस आणि पळून जाणारा माणूस एकाच दारातून बाहेर पडतात. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. इथे तर खुद्द जाणाऱ्यालाच कळत नव्हता.

त्या रात्रीच्या जेवणाआधी त्याने आईला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं. "आई, बाबा दांडीखाली काय घ्यायचे? घोंगडी वगैरे?"

"छे! नुसता सदरा. मध्ये काही घेतलं तर देवी म्हणेल, मला माणसं उचलतायत का कापूस?" ती उठली, बॅगेपाशी गेली आणि तळातून एक जाड सुती सदरा काढला. उजव्या खांद्यावर हाताएवढं ठिगळ. "हा तुझ्यासाठी घेतलाय. दर वर्षी हाच घालायचे. बाळ्या, तुला लांब होईल बहुतेक. हात दुमडून घे."

बाळ्याने सदरा हातात घेतला. त्याला धुतल्याचा वास होता, आणि त्याखाली कसलाच नव्हता. नमद्याची गादी त्याच्या पिशवीत होती, तिथून ती त्याच्याकडे बघतेय असं त्याला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो रस्त्यावर आला. पायाखाली खिडकीत कारखाना होता, आणि आत शिवणताईंना त्याचे फक्त बूट दिसत असणार. त्याने फोन लावला. तिकडे गिरणी चालू होती.

"काका, माझं माप चुकलं."

"काय?"

"माप! मी बूट घालून मोजलं. खांदा दोन बोटं खाली आहे."

गिरणीची घरघर ऐकू येत राहिली. टेपदादाला वाटलं, दगड सुटलाय, आता आवाज यायचाय.

"बूट घालून?" काका म्हणाले. मग फोन तोंडापासून लांब धरून कुणाला तरी सांगितलं, "अरे, बूट घालून मोजला म्हणे खांदा!" आणि पलीकडून एक दणदणीत हसणं आलं.

"कोण आहे तिकडे?"

"गिरणीवाला. त्याचाच ओटा आहे, ऐकणारच तो. थांब, तो काय म्हणतोय... हां. तो विचारतोय, बूट काढल्यावर नक्की दोनच बोटं ना? जास्त नाही ना?"

"दोनच. पट्टीने मोजलंय."

"त्याच पट्टीने?" काका म्हणाले, आणि पुन्हा हसणं.

मग काका हसायचे थांबले आणि समजावून सांगू लागले, तिथल्या कुणाला ज्या कधी समजावून सांगाव्या लागल्या नसतील अशा गोष्टी सांगायच्या आवाजात. वाट सपाट नाही. डोंगराकडची कड उंच, दरीकडची धसलेली. म्हणून दरीच्या बाजूला उंच माणूस लागतो आणि डोंगराच्या बाजूला त्याच्याहून बुटका. टेपदादाचे वडील उंच होते, ते दरीकडे शोभायचे. गिरणीवाल्याचं टोक पुढचंच, पण डोंगराकडचं, आणि तो पडला ताडमाड. इतकी वर्षं तो सगळी चढण गुडघे वाकवून चालत आलाय.

"चालताना देवीचं नाव कमी आणि गुडघ्यांचंच जास्त घेतो," काका म्हणाले. "तू त्याच्या जागी ये. तो तुझ्या जागी जाईल. चारही खांदे जुळतील. बैठकीला मी सांगतो."

"म्हणजे आमचं टोक..."

"बदललं. दरीकडचं गेलं, डोंगराकडचं आलं." काकांचा आवाज जरा खाली आला. "एकदा बदललं की बदललं, हे मात्र लक्षात घे. पुढे कुणी कुरकुर करायची नाही. वहिनीला विचार आणि संध्याकाळी सांग."

टेपदादा कितीतरी वेळ रस्त्यावर उभा राहिला. जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते त्याने मागितलंही नव्हतं. डोंगराला खेटून चालायचं. हात लांब केला की खडक. पण आता दर वसंतात त्याच्या वडिलांच्या टाचेच्या जागी गिरणीवाल्याची टाच असणार होती, आणि त्याच्याखालचा दगड काही बुटका होणार नव्हता. आपण भीती टाकून दिली नाही, नुसती बाजूच्याच्या खांद्यावर सरकवली, असं त्याला वाटलं. मग त्याला आठवलं, गिरणीवाला हसत होता.

घरी येऊन त्याने आईला सांगितलं. बूट, दोन बोटं, गादी, सगळं, एका दमात. बायको स्वयंपाकघराच्या दारात हातात औषधाची पट्टी घेऊन उभी होती, ती तशीच राहिली.

आईने एकच विचारलं. "दरीकडे गिरणीवाला?"

"हो. तू नको म्हणालीस तर..."

आई उठली. बॅग उघडली, तळातून सदरा ओढून काढला आणि आपल्या खोलीत निघून गेली. दार लावलं नाही, पण लोटलं.

"झालं," टेपदादा बायकोला पुटपुटत म्हणाला. "ती येत नाही आता."

"जाऊन बघा तरी."

"तू जा."

"मी का? मी बूट घालून मोजलं?"

तो दारापाशी गेला. आई खिडकीशी बसली होती, सदरा मांडीवर पालथा, आणि हातात त्याचंच उसवायचं पातं. ती उजव्या खांद्यावरचं ठिगळ उसवत होती. टाका टाका, घाई न करता. ठिगळ सुटलं. त्याखाली आणखी एक ठिगळ होतं, जरा लहान. ते सुटलं तर खाली तिसरं. आणि त्याच्याखाली सदऱ्याचं मूळ कापड धडधाकट होतं, एक भोक नाही की एक चीर नाही, उलट बाकीच्या सदऱ्यापेक्षा नवं.

टेपदादाच्या बोटांना कापडाचे थर न मोजता कळतात. तो बघत राहिला.

"फाटला नव्हता?"

"नाही."

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांना सांगितलं असतं तर घातला असता का त्यांनी?" आई म्हणाली. "मागे उभी राहून आणखी काय करणार होते मी? वाट माझ्या हातात होती का?"

तिने तिन्ही ठिगळं हाताने सारखी केली, एकावर एक ठेवली आणि सदऱ्याच्या डाव्या खांद्यावर धरून बघितली. डोंगराकडून चालणाऱ्याच्या डाव्या खांद्यावर दांडी येते.

"त्या वर्षी तू कडेवर होतास," ती मान वर न करता म्हणाली. "माझ्या दंडात नखं रुतवली होतीस. परत येईपर्यंत काढली नाहीस." टेपदादा आत येऊन तिच्या शेजारी बसला. "गिरणीवाल्याच्या बायकोला पण सांगितलं पाहिजे, वर गेल्यावर. सदऱ्याच्या खांद्याचं काय करायचं ते. बरं, तुझ्या पिशवीत ते नमद्याचं काय आहे म्हणालास? एक थर काढून दे मला. पातळसा."

"आई, देवी म्हणेल..."

"देवीचं मी बघते. तू सुई ओवून दे. मला नेढं दिसत नाही हल्ली."

त्याने गळ्यातली मोजपट्टी काढून खुर्चीवर टाकली, खिडकीच्या उजेडात सुई धरली, आणि दोरा पहिल्यांदा हुकला. दुसऱ्यांदाही. बाहेर बायकोने बॅगेची चेन उघडली, काहीतरी आत घातलं आणि पुन्हा लावली. कड्यावरचा पट्टा अजून तुटला नव्हता. पुजाऱ्याने दिवस सांगितला नव्हता. टेपदादाने दोरा जिभेला लावला आणि पुन्हा सुईच्या नेढ्याशी नेला.